शाळेच्या व्हॅनमधील सिलिंडर आणि त्याची परीक्षा

सकाळी शाळेच्या फाटकापाशी व्हॅन थांबते, दप्तरे सांभाळत मुले उतरतात आणि वर्गात जातात. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर वायूंचे नियम लिहिलेले असतात: तापमान कायम ठेवून वायूचा दाब वाढवला, की त्याचे आकारमान त्याच प्रमाणात कमी होते. हा नियम ज्या मुलांनी नुकताच वहीत उतरवून घेतला, त्यांच्यापैकी काही जण या नियमाच्या एका मोठ्या उदाहरणावर बसूनच शाळेत आलेली असतात. व्हॅनच्या मागच्या बाकाखाली किंवा बाकामागे पोलादाचा एक लांबट सिलिंडर आडवा बसवलेला असतो. त्यात २०० बार दाबाचा नैसर्गिक वायू, म्हणजेच सीएनजी असतो.

मुंबईत हे इंधन १९९० च्या दशकात आले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ सालच्या आदेशानंतर शहर बसगाड्या त्यावर चालू लागल्या. आपल्या भागात ते बरेच उशिरा पोचले. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २०१८ सालच्या नवव्या फेरीत सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे मिळून एकच क्षेत्र धरण्यात आले. तेथील गॅस वितरणाचे काम भारत गॅस रिसोर्सेस या कंपनीकडे गेले. पुढे २०२२ मध्ये ही कंपनी भारत पेट्रोलियम या तिच्या मूळ कंपनीत विलीन झाली. पंपांवर सीएनजी मिळू लागला तशा रिक्षा, व्हॅन आणि वडापच्या गाड्याही या इंधनाकडे वळू लागल्या. पेट्रोलपेक्षा खर्च कमी आणि धूर कमी, ही त्याची कारणे सर्वांना माहीत आहेत.

मग पालकसभेत कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, या टाकीचा स्फोट तर होणार नाही ना?" या प्रश्नाला 'नाही' असे नुसते उत्तर देणे बरोबर नाही, आणि 'काय सांगावे' असे म्हणणेही बरोबर नाही. योग्य उत्तर असे, की या सिलिंडरची परीक्षा झालेली असेल आणि ती वेळच्या वेळी पुन्हा होत असेल, तर तो भरवशाचा आहे. ती परीक्षा काय असते, कोण घेते आणि तिचा निकाल कोठे वाचायचा, ते या लेखात पाहू.

दोनशे बार कशासाठी?

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. साध्या दाबाला आणि १५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर मिथेनचे वजन जेमतेम ६८० ग्रॅम भरते. गाडीला एका भरण्यात नऊ-दहा किलो गॅस हवा असेल, तर साध्या दाबाला त्याला सुमारे १४ घनमीटर जागा लागेल, म्हणजे एक लहानशी खोलीच. स्वयंपाकाचा गॅस (एलपीजी) थोड्याशा दाबाने द्रवरूप होतो. मिथेन नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून तो वायुरूपातच खूप दाबून भरावा लागतो.

पाणी भरले तर ६० लिटर मावेल, असा सिलिंडर घेऊ. बॉइलच्या नियमानुसार २०० बार दाबाला त्यात साध्या दाबाच्या सुमारे २०० पट वायू मावायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे २३५ पट मावतो, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास. इतक्या दाबाला मिथेनचे रेणू इतके जवळ येतात की त्यांच्यातील आकर्षण दुर्लक्षून चालत नाही. आदर्श वायू आणि खरा वायू यांतला हा फरक अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

२०० बार म्हणजे किती? एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाचा दाब. २०० बार दाब असताना सिलिंडरच्या आतील बाजूच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे २०० किलो भार असतो. साखर कारखान्यातून बाहेर पडणारी ५० किलोची चार पोती त्या नखावर रचली आहेत अशी कल्पना करावी.

दाबलेल्या वायूत ऊर्जाही साठलेली असते. ६० लिटरचा भरलेला सिलिंडर एकाएकी फुटला, तर केवळ वायूच्या प्रसरणातून सुमारे २८ ते ३० लाख जूल ऊर्जा मोकळी होईल. एक टन वजनाची मोटार सातारा शहरातून अजिंक्यताऱ्याच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३०० मीटर, सरळ वर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. गॅस जळून निघणारी उष्णता यात धरलेली नाही. 'आग लागली नाही, म्हणजे धोका नाही' असे या सिलिंडरबाबत का म्हणता येत नाही, ते यावरून कळेल.

भिंत किती जाड हवी?

आता एक सोपे गणित करू. सिलिंडर उभा चिरून त्याचे दोन अर्धे भाग केले अशी कल्पना करा. आतला दाब त्या दोन भागांना एकमेकांपासून दूर ढकलतो. हे ढकलणारे बल म्हणजे दाब × व्यास × लांबी. त्याला धरून ठेवतात दोन्ही बाजूंच्या भिंती. त्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ २ × जाडी × लांबी एवढे असते. बलाला क्षेत्रफळाने भागले की भिंतीतील ताण मिळतो:

ताण = दाब × व्यास ÷ (२ × जाडी)

लांबी दोन्हीकडे असल्याने ती निघून जाते. दाब २०० बार म्हणजे २० मेगापास्कल, व्यास ३०० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ८ मिलिमीटर धरली, तर ताण येतो ३७५ मेगापास्कल. चांगल्या प्रतीचे मिश्र पोलाद हा ताण सहज पेलते आणि वर बरीच ताकद शिल्लक राहते.

आता हेच सूत्र घरातल्या लाल सिलिंडरला लावून पाहा. त्याचा व्यास ३०० मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त, पण भिंत साधारण तीनच मिलिमीटरची असते. एलपीजीचा दाब फार तर दहा बारच्या आसपास असल्याने तेवढी जाडी पुरते. त्या सिलिंडरची कसोटीसुद्धा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो एवढ्याच दाबाला घेतात. त्यात २०० बारचा वायू भरला, तर भिंतीतील ताण १००० मेगापास्कलच्या वर जाईल. ते पोलाद मात्र साधारण ४०० मेगापास्कलला तुटते. म्हणजे तो सिलिंडर पूर्ण भरण्याआधीच फुटेल. सीएनजी हा सीएनजीसाठीच बनवलेल्या आणि मंजूर झालेल्या सिलिंडरात भरावा, हा नियम कागदी नाही. तो असा आकडेमोडीतून आलेला आहे.

घरगुती सिलिंडर पत्र्याचे दोन भाग जोडून, वेल्डिंग करून बनवतात. वाहनातला पोलादी सीएनजी सिलिंडर विनासांधा असतो. जाड नळी तापवून तिची टोके फिरवत फिरवत मिटवली जातात, किंवा तापलेल्या पोलादाच्या ठोकळ्याला भोक पाडून तो लांबवला जातो. त्यानंतर त्याला पाणी देतात. लोहार ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी देतो, त्यातलीच ही क्रिया. लाल तापलेले पोलाद झटकन थंड केले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. पोलाद फक्त कठीण असून भागत नाही, ते चिवटही असावे लागते. याचे कारण पुढे येईल. अलीकडे वजन कमी करण्यासाठी धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर काचेचे किंवा कार्बनचे तंतू गुंडाळलेले सिलिंडरही बनतात. एकूण चार प्रकार मानले जातात. या लेखात आपण सर्वांत जास्त आढळणाऱ्या पोलादी प्रकाराचाच विचार करत आहोत.

मंजुरी नागपूरहून

कायद्याच्या दृष्टीने दाबलेल्या वायूने भरलेला सिलिंडर हा 'स्फोटक' आहे. हे ऐकून नवल वाटेल, पण आपल्याकडे स्फोटकांचा कायदा १८८४ सालचा आहे. १९३८ मध्ये एका अधिसूचनेने धातूच्या पात्रात दाबून भरलेले वायू त्या कायद्याखाली आणले गेले. त्यानंतर १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम झाले. पुढे १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले. या नियमांची अंमलबजावणी पाहणारे मुख्य स्फोटक नियंत्रक यांचे कार्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. १८९८ साली सुरू झालेल्या या खात्याचे आजचे नाव पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पेसो' म्हणतात.

साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या रिक्षात बसवलेला प्रत्येक सिलिंडर या ना त्या मार्गाने नागपूरच्या मंजुरीखालून आलेला असावा लागतो. त्याशिवाय तो बनवता, आयात करता किंवा भरता येत नाही. या मंजुरीच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नमुन्याची. नवा सिलिंडर बनवायचा असेल तर त्याचा आराखडा, पोलादाचा प्रकार आणि बनवण्याची रीत मंजूर करून घ्यावी लागते. कसोट्या मानकांनुसार होतात. विनासांधा पोलादी सिलिंडरांसाठी भारतीय मानक ७२८५ आहे. वाहनातील सीएनजी सिलिंडरांसाठी २००४ साली खास भारतीय मानक १५४९० निघाले. याच विषयावर आंतरराष्ट्रीय मानक ११४३९ हे २००० सालापासून आहे. त्यातील काही कसोट्या ऐकण्यासारख्या आहेत.

एका नमुन्यात पाणी भरून तो फुटेपर्यंत दाब वाढवतात. तो निदान ४५० बारपर्यंत टिकला पाहिजे, म्हणजे कामाच्या दाबाच्या सव्वादोन पट. दुसऱ्या नमुन्यावर दाब वाढवणे आणि उतरवणे हे चक्र हजारो वेळा करतात. तिसरा नमुना गॅसने भरून पेटत्या जाळावर ठेवतात. तापल्यावर त्याच्या तोंडाशी असलेले सुरक्षा-बूच उघडून गॅस बाहेर पडला पाहिजे, पण सिलिंडर फुटता कामा नये. चौथ्या भरलेल्या नमुन्यावर बंदुकीची ७.६२ मिलिमीटरची गोळी झाडतात. भोक पडले तरी चालेल, त्याचे तुकडे होता कामा नयेत.

दुसरी पायरी लॉटची. एका वेळी बनलेल्या साधारण दोनशे सिलिंडरांचा एक लॉट धरतात. त्यातून नमुने काढून ते तोडून, फोडून तपासतात. तपासणारा निरीक्षक कारखान्याचा नोकर नसतो, तो बाहेरचा मान्यताप्राप्त माणूस असतो. ज्याने माल बनवला त्यानेच तो पास करायचा नाही, हे तत्त्व आपल्या परीक्षा मंडळासारखेच आहे.

तिसरी पायरी प्रत्येक सिलिंडरची. येथे नमुन्यावर भागत नाही. एकूण एक सिलिंडर कामाच्या दाबाच्या निदान दीडपट दाबाला तपासला जातो. पास झाला की त्याच्या खांद्यावर, म्हणजे निमुळत्या भागावर, पोलादात ठसे उमटवतात. त्यात बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, मानकाचा क्रमांक, रिकाम्या सिलिंडरचे वजन, त्यात किती लिटर पाणी मावते, कामाचा दाब, कसोटीचा दाब, निरीक्षकाची खूण आणि कसोटीचा महिना व वर्ष असते. हीच त्या सिलिंडरची जन्मपत्रिका.

परीक्षा पाण्याने का घेतात?

या कसोटीला वाहनचालक 'हायड्रो टेस्ट' म्हणतात. दाब वायूचा पेलायचा असताना परीक्षा पाण्याने का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर ऊर्जेत आहे. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. ६० लिटर पाण्यावर ३०० बार दाब दिला, तरी त्यात साठणारी ऊर्जा सुमारे १२ हजार जूल असते. ताणलेल्या पोलादातील ऊर्जा मिळवली, तरी ती २० हजारांच्या आसपासच राहते. गॅस भरलेल्या सिलिंडरात ती २८ लाखांच्या वर होती. म्हणून कसोटीत सिलिंडर फाटलाच, तर पाणी फुटकन बाहेर येते आणि दाब लगेच उतरतो. गॅस असता तर कसोटी घेणाराच वाचला नसता.

कसोटीची रीत शाळेतल्या प्रयोगासारखीच आहे. पाण्याने भरलेला सिलिंडर पाण्यानेच भरलेल्या एका मोठ्या बंद पात्रात ठेवतात. सिलिंडरातला दाब वाढवला की तो थोडा फुगतो आणि बाहेरच्या पात्रातले तेवढे पाणी एका मापनळीत चढते. आपल्या ६० लिटरच्या सिलिंडरसाठी हे पाणी सुमारे ३०० मिलिलिटर असते. पोलादही फुगते, हे येथे डोळ्यांनी दिसते. मग दाब उतरवतात. पोलाद लवचीक असेल तर ते मूळ आकारावर येते आणि मापनळीतले पाणीही परत जाते. थोडे पाणी मापनळीत राहिलेच, तर ती सिलिंडरची कायमची वाढ. ही वाढ एकूण वाढीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे आपल्या उदाहरणात ३० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल, तर सिलिंडर नापास. हूकचा नियम आणि लवचीकतेची मर्यादा यांचा इतका उपयुक्त उपयोग क्वचितच सापडेल.

एकदा पास, म्हणजे कायमचा पास नव्हे

वाहनातील सीएनजी सिलिंडरची ही परीक्षा दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. ती मुख्य नियंत्रकांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच होते. त्यासाठी सिलिंडर गाडीतून काढतात, उरलेला गॅस सुरक्षितपणे सोडतात, तोंडावरचा व्हॉल्व्ह उतरवतात, आत दिवा सोडून पाहतात, वजन करतात आणि मग पाण्याचा दाब देतात. शेवटी सिलिंडर आतून पूर्ण वाळवून नवी तारीख ठोकतात. पोलादी सिलिंडरचे एकूण आयुष्य २० वर्षे धरतात.

पोलाद तेच असताना पुन्हा परीक्षा कशासाठी? त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण शीण. प्रत्येक वेळी गॅस भरला की भिंत ताणली जाते आणि तो संपत आला की ती सैल पडते. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण मागे-पुढे वाकवत राहिले की तुटते. येथेही तसेच होते. रिक्षा दिवसातून दोनदा भरली तर वर्षाला ७३० वेळा हे चक्र होते. मानकात सिलिंडरच्या आयुष्याच्या दर वर्षासाठी १००० चक्रे धरून कसोटी घेतात. म्हणजे पुरेशी सोय केलेली आहे, पण भिंतीवर खोल चरा किंवा खड्डा पडला असेल तर तेथे ताण एकवटतो आणि तडा जाऊ लागतो. पोलाद चिवट असेल तर तडा हळूहळू भिंतीच्या आरपार जातो आणि गॅस आधी गळू लागतो. पोलाद ठिसूळ असेल तर तडा एकाएकी उकलतो. 'फुटण्याआधी गळावे' असे या सिलिंडरांच्या रचनेचे सूत्रच आहे. चिवटपणा का हवा, याचे उत्तर ते हे.

दुसरे कारण गंज. गाडीखाली बसवलेल्या सिलिंडरवर चिखल, पाणी आणि खडी उडते. पट्ट्यांखाली ओल धरून राहते आणि तेथे गंज चढतो. आतूनही धोका असतो. गॅसमध्ये ओलावा आणि हायड्रोजन सल्फाइड असेल, तर पोलाद आतून पोखरले जाते. हा मुद्दा आपल्या ऊसपट्ट्यात विशेष महत्त्वाचा आहे. साखर कारखान्यातील प्रेसमडपासून बायोगॅस करून आणि तो शुद्ध करून वाहनांना देता येतो. कच्च्या बायोगॅसमध्ये हे दोन्ही घटक भरपूर असतात. म्हणून अशा इंधनासाठी भारतीय मानक १६०८७ आहे. त्यात मिथेन निदान ९० टक्के असावा आणि ओलावा व हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडे असावेत, असे बंधन आहे. सिलिंडरचे वजन का करतात, तेही आता कळेल. गंजाने पोलाद झडले की वजन घटते. मूळ वजनात पाच टक्क्यांहून अधिक घट आढळली, तर तो सिलिंडर बाद होतो.

तिसरे कारण उष्णता आणि आग. मे महिन्यात जत-आटपाडीकडे सिलिंडर ४५ अंशांपर्यंत तापू शकतो. १५ अंशांना २०० बार असलेला दाब, आदर्श वायूच्या नियमाने, तेव्हा २२१ बार होतो. खऱ्या मिथेनचा दाब याहूनही थोडा अधिक वाढतो. एवढी वाढ रचनेत आधीच धरलेली असते. पण गाडीला आग लागून गेलेली असेल तर गोष्ट वेगळी. पोलादाला दिलेले 'पाणी' त्या उष्णतेने उतरलेले असू शकते आणि बाहेरून रंग दिला की ते ओळखूही येत नाही.

नापास सिलिंडरचे काय करायचे, हेही नियमात आहे. तो सपाट चेचायचा किंवा त्याचे असे तुकडे करायचे, की ते पुन्हा वेल्डिंगने जोडून सिलिंडर करता येणार नाही. नियम करणाऱ्यांना माणसांचा अनुभव होता, असे हे वाक्य वाचून वाटते.

गाडीत बसवल्यावर

सिलिंडर चांगला असून पुरत नाही, तो नीट बसवलेलाही असावा लागतो. हे काम मोटार वाहन नियमांखाली येते. गॅसवर चालण्यासाठी लागणारा संच पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने मंजूर केलेला असावा, मान्यताप्राप्त कार्यशाळेने तो बसवावा आणि परिवहन कार्यालयाने त्याची नोंद गाडीच्या नोंदणीपुस्तकात करावी, अशी रीत आहे. सिलिंडर प्रवाशांच्या जागेत असेल, तर त्याच्या व्हॉल्व्हभोवती एक बंद पिशवी असते आणि तिच्यातून निघालेली नळी गाडीबाहेर उघडते. गॅस गळला तरी तो आत न साठता बाहेर जावा, हा हेतू. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्यावर वर उडून जातो. बंद गाडीत मात्र तो छताखाली साठतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, की ठिणगीने तो पेट घेतो. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात.

साखळीची शेवटची कडी

आतापर्यंत पाहिलेल्या पायऱ्यांची एक साखळी होते: आराखडा, लॉट, प्रत्येक सिलिंडर, बसवणी आणि दर तीन वर्षांची पुन्हा परीक्षा. पहिल्या तीन कड्या कारखान्यात आणि तज्ज्ञांच्या हातात असतात. शेवटची कडी मात्र गाडीच्या मालकाच्या हातात असते, आणि तीच सर्वांत नाजूक आहे.

सातारा-सांगलीत सीएनजी नवा आहे, म्हणून गाड्यांतले सिलिंडरही नवे असतील असे समजू नये. जिथे सीएनजी पंचवीस-तीस वर्षे चालू आहे, अशा मोठ्या शहरातून वापरलेली व्हॅन किंवा रिक्षा विकत आणली, तर तिच्याबरोबर तिचा जुना सिलिंडरही येतो. नव्या मालकाला गाडीचे मॉडेल किती सालचे, ते ठाऊक असते. सिलिंडर किती सालचा आणि त्याची परीक्षा कधी झाली, हे विचारायचे त्याला सुचतेच असे नाही. शिवाय परीक्षेसाठी सिलिंडर उतरवायचा म्हणजे गाडी बंद ठेवायची, केंद्र दूर असले तर हेलपाटा घालायचा आणि पदरचे पैसे मोजायचे. हातावर पोट असलेल्या चालकाला 'पुढच्या महिन्यात बघू' असे वाटले तर ते समजण्यासारखे आहे. कसोटी न घेता नुसता दाखला मिळवण्याचा मोहही येथेच होतो. पण दाखल्याने पोलादाची ताकद वाढत नाही. मुदत संपलेला सिलिंडर भरू नये, असे बंधन पंपावरही असते. ते पाळले गेले तर पुष्कळ काम होते.

येथे शिक्षकाला काय करता येईल? सिलिंडर तपासणे हे आपले काम नव्हे. तारीख वाचणे मात्र कोणालाही जमते. गॅस भरण्याच्या तोंडाजवळ एक पट्टी लावलेली असते. तीवर गाडीचा क्रमांक, सिलिंडरचा क्रमांक, तो बसवल्याची तारीख आणि पुढच्या परीक्षेची तारीख असते. शाळेत मुलांना आणणाऱ्या प्रत्येक व्हॅनच्या कागदपत्रांची नोंद आपण ठेवतोच. त्याच वहीत 'हायड्रो टेस्टची पुढील तारीख' असा एक रकाना वाढवावा आणि मुदतीच्या महिनाभर आधी चालकाला आठवण द्यावी. दाखल्यावरचा सिलिंडरचा क्रमांक आणि पट्टीवरचा क्रमांक एकच आहे, एवढे पाहावे. चालकाला हे अधिकाराने नव्हे, तर आपलेपणाने सांगावे. दिवसभर त्या सिलिंडरच्या सर्वांत जवळ तोच असतो. गॅस भरताना इंजिन बंद हवे आणि मुले गाडीत नकोत, हेही त्याला सांगून ठेवावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

सिलिंडर, व्हॉल्व्ह किंवा दाबाचे कोणतेही पात्र वर्गात आणू नये. पुढील तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

१. सुई नसलेली प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तीत हवा भरून, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा आणि सोडा. तो उसळून परत येतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरा. दट्ट्या हलतच नाही, त्यामुळे उसळतही नाही. कसोटी पाण्याने का घेतात, ते मुलांना हाताने कळेल.

२. नव्या फुग्याची लांबी मोजा. तो फुगवून हवा सोडा आणि पुन्हा मोजा. असे पाच-सहा वेळा करून लांबीचा तक्ता करा. राहिलेली वाढ म्हणजेच कायमची वाढ.

३. कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करून एकाच जागी मागे-पुढे वाकवा आणि किती वेळा वाकवल्यावर ती तुटते ते मोजा. दुसऱ्या क्लिपवर कानशीने बारीक खाच पाडून तेच करा. दोन्ही आकड्यांतला फरक पाहिला, की सिलिंडरवरच्या चऱ्याला तपासनीस एवढे का घाबरतो ते कळेल.

हे प्रयोग झाले की मुलांना वहीत दोन आकडे लिहून घ्यायला सांगावेत: आपल्या व्हॅनच्या पट्टीवरची पुढच्या परीक्षेची तारीख आणि आजची तारीख. त्यांतली कोणती आधी येते, एवढेच पाहायचे आहे.